मेल्यात, तर ठेवल्यात कशाला?

शनिवारी संध्याकाळी गॅलरीत चहा घेऊन बसले होते आणि टीममधल्या नव्या मुलाचा फोन आला. एक कंटेनर, म्हणजे सर्व्हरवरची प्रोग्रामसाठीची बंदिस्त खोली, नवी प्रोसेसच, म्हणजे नवा चालता प्रोग्रामच, सुरू करू देत नव्हता. आत शिरून फाइलींची यादी दाखवणारं साधं 'एलएस' मारलं तरी उत्तर एकच, 'रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल'. सीपीयू निवांत होता, मेमरी निम्म्याहून जास्त मोकळी होती, डिस्कलाही जागा होती. म्हटलं, बाहेरून, होस्ट म्हणजे मूळ मशीनवरून 'पीएस' मार, प्रोसेसची यादी काढ आणि स्क्रीन दाखव. यादी सरकू लागली. ओळीमागून ओळ, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी कंसात एकच शब्द, डिफंक्ट. यादी थांबेचना. "मॅडम, किल मायनस नाइन दिलं तरी जात नाहीत हो या," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. प्रोसेसला सक्तीनं मारायची ती आज्ञा. म्हटलं, "नाहीच जाणार. मेलेल्याच आहेत त्या." पलीकडे क्षणभर शांतता. मग आवाज आला, "मेल्यात, तर मग ठेवल्यात कशाला?"

पुस्तकी उत्तर मी त्याला तिथल्या तिथे दिलं आणि त्याचं समाधानही झालं. माझं काही होईना. रात्री ओटा पुसताना, दुसऱ्या दिवशी मेथी निवडताना तो प्रश्न डोक्यात फिरत राहिला. या यंत्रांवर पोट भरणाऱ्या बाईला हा प्रश्न आधी कुणी इतक्या सरळ विचारलाच नव्हता. अशा मेलेल्या प्रोसेसना झॉम्बी म्हणतात. झॉम्बी म्हणजे काय, ते कसे शोधायचे, कसे घालवायचे, हे मुलाखतींत विचारलं जातं आणि सगळे धडाधडा सांगतात. पण कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, त्याच्यासारखा काटकसरी हिशेबनीस एका संपलेल्या गोष्टीची नोंद मुद्दाम का सांभाळतो?

प्रोसेस संपली की लिनक्स (आमच्या सर्व्हरवरची ऑपरेटिंग सिस्टिम) तिच्याकडचं सगळं लगेच काढून घेतो. मेमरी परत जाते, उघड्या फाइली बंद होतात, टायमर थांबतात. मागे राहते ती एक नोंद: तिचा पीआयडी म्हणजे ओळख क्रमांक, तिनं किती सीपीयू वेळ खाल्ला याचा हिशेब, आणि ती कशी संपली याचं उत्तर. उत्तर अगदी तोकडं असतं. स्वतःहून बाहेर पडली असेल तर ० ते २५५ मधला एक आकडा, कुणी मारली असेल तर कुठल्या सिग्नलनं, म्हणजे कर्नलमार्फत आलेल्या इशाऱ्यानं, ते. एवढं एक उत्तर तिच्या पॅरेंटनं, म्हणजे तिला जन्म देणाऱ्या प्रोसेसनं, येऊन विचारेपर्यंत कर्नल जपून ठेवतो. विचारण्याची ती क्रिया म्हणजे वेट. पॅरेंटनं वेट केलं, की आकडा त्याच्या हाती ठेवून नोंद पुसली जाते आणि नंबर मोकळा होतो. तो आलाच नाही, तर नोंद राहते. ताटकळत म्हणवत नाही, कारण ताटकळायला आत कुणी उरलेलंच नसतं.

आमच्या आजोबांचं नाव ते गेल्यानंतर कितीतरी वर्षं सातबाऱ्यावर होतं. उन्हाळ्यात गावी गेलं की काका ट्रंकेतून तो उतारा काढायचे. पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला, नॅप्थलीनच्या गोळ्यांचा वास येणारा. वारसांपैकी कुणी अर्ज केल्याशिवाय नाव हलत नाही. आधी गाव नमुना ६-क मध्ये वारसांची नोंद, मग फेरफार, मग मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. माझे बाबा मुंबईत, एक काका नाशकात, आत्या बेळगावात. सगळ्यांनी एकदा बसून कागद करायचा मुहूर्त काही लागेना. आजोबांना आता त्या जमिनीचं काही करायचं नव्हतं. अडत होतं ते जिवंत माणसांचं, कारण त्या नावावर ना कर्ज निघत होतं ना वाटणी होत होती. झॉम्बी प्रोसेसचं नेमकं हेच. ती काही खात नाही, पण एक नंबर अडवून बसते. लिनक्समध्ये पीआयडीची मर्यादा कित्येक वर्षं ३२,७६८ होती. ६४-बिट मशीनवर सिस्टमडीनं, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्या सेवा उभ्या करणाऱ्या प्रोग्रामनं, २०१९ पासून ती एकदम ४१,९४,३०४ वर नेऊन ठेवली. कंटेनरला मात्र आपण स्वतंत्र मर्यादा घालतो, ती यापेक्षा फारच लहान. ती भरली की जिवंतांना जन्म घ्यायला जागा उरत नाही. फरक इतकाच, की इथे दाखला न्यायला यायचं असतं ते आईबापांनी.

हे लिहिताना जरा अंगावर आलं, पण आहे ते असं आहे.

ही व्यवस्था पहिल्यापासून अशी नव्हती. लिनक्सची पूर्वज असलेल्या युनिक्सचे एक निर्माते डेनिस रिची यांनी तिच्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल लिहून ठेवलंय, ते मी मधूनमधून गोष्टीसारखं वाचते. बेल लॅब्जमधल्या पीडीपी-७ या यंत्रावर आधी फोर्क, म्हणजे प्रोसेसनं स्वतःची नक्कल करून दुसरी काढणं, नव्हतंच. दोन टर्मिनलं आणि प्रत्येकासाठी एक प्रोसेस, संपला हिशेब. तुम्ही आज्ञा दिली की शेल, म्हणजे आज्ञा वाचणारा प्रोग्राम, स्वतःच्याच जागेवर ती आज्ञा उतरवून घ्यायचा, आणि ती संपली की शेल पुन्हा डिस्कवरून यायचा. मूल नाही, त्यामुळे आईबापही नाहीत. मग फोर्क आलं. कल्पना बर्कलीच्या जीनी या टाइमशेअरिंग सिस्टिममध्ये आधीच होती आणि युनिक्सचे दुसरे निर्माते केन थॉम्प्सन यांना ती ठाऊक होती. पीडीपी-७ वर फोर्कला असेंब्ली भाषेच्या नेमक्या २७ ओळी लागल्या, असं रिची सांगतात. जगातले बहुतेक सर्व्हर आज ज्या वंशावळीवर उभे आहेत तिची सुरुवात २७ ओळींत!

त्याहून मला आवडतो तो वेट यायच्या आधीचा जुगाड. तेव्हा प्रोसेसना एकमेकींना निरोप धाडता यायचा. शेल नवं मूल काढायचा आणि लगेच त्या मुलाला निरोप धाडायचा. मूल तो निरोप कधीच वाचणार नसे, ते आपल्या कामात. निरोप पोचत नाही तोवर धाडणारा अडकून राही. शेवटी मूल संपे, आणि शेलला एरर येई की ज्याला निरोप द्यायचा ती प्रोसेसच आता अस्तित्वात नाही. बस, काम झाल्याची हीच खूण! पत्ता सापडत नाही म्हणून परत आलेल्या निरोपावरून मुलाच्या अंताची बातमी काढायची. पुढे हे निरोपाचं प्रकरण काढून टाकून त्याजागी वेट आलं. मला वाटतं त्या जुगाडातच आजच्या व्यवस्थेचं बीज आहे. पॅरेंटला मुलाच्या जगण्यात रस नाही. त्याला फक्त कधी संपलं आणि कसं संपलं, एवढं हवंय.

आणि ती चेंज डिरेक्टरीची गंमत. फोर्क आलं आणि डिरेक्टरी, म्हणजे काम चालू असलेला फोल्डर, बदलणारी आज्ञा अचानक चालेनाशी झाली. त्या मंडळींनी कोड पुन्हा पुन्हा वाचला, डोकी खाजवली. मग उमगलं, की आज्ञा तर बरोबरच चालतेय. ती आता मुलाच्या पोटात चालतेय, मूल आपली डिरेक्टरी बदलतं आणि मरून जातं. शेल जिथल्या तिथेच. म्हणून आजही सीडी, म्हणजे चेंज डिरेक्टरी, ही शेलची स्वतःची, अंगभूत आज्ञा आहे. आमच्याकडे इंटर्न आले की मी हा किस्सा सांगते, आणि दरवर्षी कुणीतरी एक जण हसतो. बाकीचे मोबाइल बघत असतात.

फोर्कमधली एक बारकी गोष्ट मला कायम चटका लावते. फोर्क एकदा बोलावलं की दोनदा परततं. पॅरेंटला मुलाचा नंबर मिळतो, मुलाला मिळतं शून्य. कारण व्यवहारी आहे: मुलाला आपला पॅरेंट कोण हे कधीही विचारता येतं, तो एकच असतो. पॅरेंटला मात्र मुलं अनेक. कुठला नंबर कुणाचा हे त्यानं जन्माच्या क्षणी टिपून घेतलं नाही तर नंतर वांधे. आणि पॅरेंट नेहमी टिपून घेतोच असं नाही. मूल संपलं की कर्नल पॅरेंटला सिगचाइल्ड हा सिग्नल देतो, पण हे सिग्नल रांगेत उभे राहत नाहीत. तीन मुलं पाठोपाठ गेली तर दार एकदाच वाजू शकतं. एकदा वाजलं म्हणून एकालाच गोळा करणारा कोड मी कितीदा पाहिलाय. खरं तर कुणी उरलं नाही असं उत्तर येईपर्यंत विचारत राहायचं असतं. आणखी एक सोय आहे. पॅरेंट आधीच जाहीर करू शकतो, की सिगचाइल्डकडे मी लक्ष देणार नाही. मग कर्नल नोंद ठेवतच नाही. मूल संपलं की सारं एका फटक्यात साफ. ही सोय चांगली आहे की वाईट, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. झॉम्बी होत नाहीत हे खरं. पण रात्री तीन वाजता काय मेलं आणि का मेलं हे शोधायला बसलं, की तो न ठेवलेला आकडा फार आठवतो.

आता पॅरेंटच आधी गेला तर? कर्नल मुलांना वाऱ्यावर सोडत नाही. आधी तो बघतो, त्याच पॅरेंट प्रोसेसचा दुसरा एखादा थ्रेड, म्हणजे त्याच मेमरीत समांतर चालणारा धागा, अजून जिवंत आहे का. नसेल तर वरच्या पिढ्यांत कुणी 'माझ्या वंशातली अनाथ मुलं माझ्याकडे पाठवा' असं सांगून ठेवलंय का. ही सबरीपरची सोय लिनक्स ३.४ मध्ये, २०१२ साली आली. तेही नसेल तर शेवटी पीआयडी १, म्हणजे इनिट, मशीनवरची पहिली प्रोसेस. इनिटनं काय करायचं? आलेल्या प्रत्येकासाठी वेट करत राहायचं. आपण जन्म न दिलेल्या मुलांची उत्तरं ऐकायची आणि नोंदी मोकळ्या करायच्या. इनिटला मरायची मुभा नाही. तो मेला की कर्नल पॅनिक, अख्खं मशीन ठप्प. जुने डीमन, म्हणजे पडद्यामागे चालत राहणारे प्रोग्राम, लिहिणारे या दत्तकविधानाचा मुद्दाम फायदा घ्यायचे: दोनदा फोर्क करायचं, मधल्यानं मरायचं, म्हणजे नातवाचं जुन्या घराशी नातं तुटतं आणि तो थेट इनिटच्या मांडीवर. कोडच्या पुस्तकांत हे नित्याच्या कृतीसारखं दिलेलं असायचं.

शनिवारच्या त्या गोंधळाचं मूळ इथेच होतं. पीआयडी नेमस्पेस, म्हणजे एखाद्या गटासाठी पीआयडींची स्वतंत्र मोजणी, लिनक्स २.६.२४ पासून, म्हणजे २००८ पासून आहे, आणि कंटेनर त्यावरच उभे आहेत. कंटेनरच्या आत पहिली जी प्रोसेस सुरू होते तीच तिथली पीआयडी १. म्हणजे आपला साधासुधा वेब सर्व्हर एका रात्रीत इनिटच्या गादीवर. त्याला कुणी सांगितलंच नाही, की या गादीबरोबर गावभरच्या अनाथांची जबाबदारी येते. सर्व्हर ठीक आहे का ते तपासणारी आमच्या हेल्थ चेकची स्क्रिप्ट दर थोड्या वेळानं यायची, चार आज्ञांची साखळी लावायची, वेळ संपली की मध्येच मारली जायची, आणि तिची मुलं त्या वेब सर्व्हरच्या दारात. तो बिचारा आपल्या रिक्वेस्टमध्ये दंग. उपाय किरकोळ आहे. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरला 'इनिट' हा पर्याय दिला की टिनी नावाचा छोटासा प्रोग्राम पीआयडी १ होऊन बसतो. आपला सर्व्हर त्याचं मूल होतो, आणि गोळा करायचं काम टिनी करतो. तेवढंच आणि सिग्नल पुढे पोचवण्याचं, बाकी काही नाही. असं एकच काम निगुतीनं करणारे प्रोग्राम मला माणसांसारखे आवडतात.

थ्रेडची गोष्ट मात्र सगळीच वेगळी.

कॉलेजात लिनक्स आमच्याकडे आलं ते पीसीक्वेस्ट मासिकाबरोबरच्या सीडीवरून. लॅबबाहेर चपला काढायच्या, आत एसीचा गारठा, मॉनिटरवर प्लॅस्टिकची कव्हरं. तिथे मी पहिल्यांदा जावाचा प्रोग्राम सुरू करून पीएस पाहिलं आणि दचकले. जावाच्या ओळीच ओळी, प्रत्येकीला वेगळा पीआयडी आणि प्रत्येकीपुढे मेमरीचा तोच भलामोठा आकडा. बेरीज केली तर मशीनमध्ये होती त्यापेक्षा कितीतरी जास्त. तो झाविए लरॉय यांच्या लिनक्सथ्रेड्स या थ्रेड-लायब्ररीचा काळ. लिनक्सच्या कर्नलला तेव्हा थ्रेड असं वेगळं काही नीट कळतच नव्हतं. मेमरी वाटून घेणारी दुसरी प्रोसेस म्हणजेच थ्रेड. त्यामुळे भलते नियम पाळावे लागायचे. एका थ्रेडनं फोर्क केलं, तर त्या मुलासाठी वेट त्याच थ्रेडनं करायचं. शेजारच्या थ्रेडला त्या मुलावर हक्क नाही. मग उलरिश ड्रेपर आणि इंगो मोल्नार यांनी एनपीटीएल ही नवी थ्रेड-लायब्ररी आणली, २००३ च्या अखेरीस कर्नल २.६ आला, आणि या ओळी एका छपराखाली आल्या. आता प्रत्येक थ्रेडला स्वतःचा नंबर आहेच, पण बाहेरच्यांना दिसतो तो सगळ्या गटाचा एक नंबर. आपण ज्याला पीआयडी म्हणतो तो कर्नलच्या लेखी थ्रेड ग्रुपचा आयडी आहे, हे कळलं त्या दिवशी मला थोडं फसवल्यासारखं वाटलं होतं.

या गटात वंशावळ नाही. एका थ्रेडनं दुसरा थ्रेड काढला तरी तो त्याचं मूल होत नाही. दोघांचा पॅरेंट एकच, प्रोसेसचा जो असेल तो. सगळी भावंडं. थ्रेड संपला की सिगचाइल्ड नाही, झॉम्बी नाही, कर्नलकडची त्याची नोंद बहुधा तिथेच पुसली जाते. मग पीथ्रेड जॉइन करणाऱ्याला, म्हणजे थ्रेड संपायची वाट पाहणाऱ्याला, कळतं कसं? जाता जाता कर्नल मेमरीतल्या एका ठरलेल्या जागी शून्य लिहितो आणि त्या जागेकडे डोळे लावून बसलेल्याला फ्युटेक्स या कर्नलच्या सोयीनं जागं करतो. बातमी एवढीच. मेल्यावर मागे काय राहिलं याचा हिशेब कर्नल ठेवत नाही, तो लायब्ररीनं आपसात बघावा. अपवाद पहिल्या थ्रेडचा. तो आधी संपला आणि बाकीचे चालू असले तर पीएसमध्ये अख्खी प्रोसेस डिफंक्ट दिसते आणि तरीही रिक्वेस्टना उत्तरं देत असते. असं दृश्य पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी शेजारच्याला हाक मारून दाखवलं होतं. गटाचा नंबर त्याच्या नावावर आहे, म्हणून शेवटचं भावंड जाईपर्यंत त्याची नोंद हलत नाही.

आणि या दोन जगांची गाठ पडते तिथे खरी पंचाईत. अनेक थ्रेड असलेल्या प्रोसेसनं फोर्क केलं, की मुलात येतो तो फक्त फोर्क करणारा एक थ्रेड. बाकीचे येत नाहीत, पण त्यांनी सामायिक मेमरीवर लावलेली कुलपं (लॉक) येतात. कुलूप लावणारा नव्या घरात नाहीच, मग उघडणार कोण? मूल पहिल्याच मेमरीच्या मागणीला अडकून बसू शकतं. उलट एखाद्या साध्या थ्रेडनं एक्झेक, म्हणजे चालू प्रोग्रामच्या जागी नवा प्रोग्राम उतरवणं, केलं, तर कर्नल बाकीच्या सगळ्या भावंडांना मारतो आणि त्याला पहिल्याचा नंबर चढवतो. बाहेरून बघणाऱ्याला काही झालंय हे कळतही नाही. २०१९ साली चार संशोधकांनी, त्यात मायक्रोसॉफ्टचेही एक, फोर्कच आता निवृत्त करावं असा निबंध लिहिला. त्यातलं थ्रेडविषयीचं म्हणणं मला पटतं. निवृत्तीचं मात्र जिवावर येतं.

विंडोजनं ही भाऊबंदकी पहिल्यापासून टाळली. तिथे प्रत्येक प्रोसेसकडे पॅरेंटचा नंबर लिहिलेला असतो, पण तो केवळ लिहिलेला. पॅरेंट गेला तरी बदलत नाही, आणि उद्या तोच नंबर दुसऱ्याच प्रोसेसला मिळाला तर भलताच बाप दाखवतो. ज्याच्या हातात प्रोसेसचं हँडल, म्हणजे तिला धरून ठेवणारा दुवा, आहे त्याला तिचं शेवटचं उत्तर विचारता येतं, मग तो नात्यातला असो वा नसो. शेवटचं हँडल मिटेपर्यंत नोंद टिकते. आणि सगळ्या गटाला एकत्र आवरायचं असेल तर विंडोज २००० पासून जॉब ऑब्जेक्ट आहेत. माझ्या युनिक्सवाल्या मित्रांना हे कोरडं वाटतं. मला ते प्रामाणिक वाटतं.

कारण युनिक्सच्या वंशावळीतली कमकुवत कडी नंबर हीच आहे. नंबर पुन्हा वापरले जातात. पॅरेंटला आपल्या मुलाच्या नंबराची खात्री असते, कारण तो वेट करेपर्यंत कर्नल तो दुसऱ्या कुणाला देत नाही. (टीममधल्या त्या नव्या मुलाच्या प्रश्नाचं हे दुसरं उत्तर, जे मी फोनवर द्यायला हवं होतं असं नंतर वाटलं.) पण परक्याला ही हमी नाही. मॉनिटर करणाऱ्या एखाद्या प्रोग्रामनं नंबर टिपला, तेवढ्यात ती प्रोसेस गेली, नंबर दुसरीला मिळाला, आणि किल भलत्याच्या छातीवर. यावरचा इलाज आला तो २०१९ मध्ये, ५.१ पासून पुढच्या काही कर्नलांत मिळून, पीआयडी-एफडी या रूपानं: नंबराऐवजी प्रोसेसला धरून ठेवणारा फाइल डिस्क्रिप्टर. तो दुसऱ्याकडे कधीच वळत नाही. विंडोजच्या हँडलकडे बघून कुणी हसू नये, एवढं मी मित्रांना तेव्हा ऐकवलं. गटाचं काम सीग्रुप या लिनक्सच्या प्रोसेस-गटांच्या सोयीनं घेतलं. दोनदा फोर्क करून इनिटच्या मांडीवर पळालेला डीमनही सीग्रुपमधून सुटत नाही, आणि २०२१ च्या ५.१४ पासून अख्खा सीग्रुप एका फाइलीत १ लिहून संपवता येतो.

तरी वेट आहे तिथेच आहे. कोण कुठल्या गटातलं हे सीग्रुप सांगतो. त्यातली मुख्य प्रोसेस कुठला आकडा मागे ठेवून गेली हे जाणून घ्यायला सिस्टमडीलासुद्धा पीआयडी १ म्हणून वेट करावंच लागतं. पीआयडी-एफडी हातात असला की परक्याची प्रोसेस संपल्याचं कळतं, पण त्यावर वेट करू गेलं तर कर्नल नकार देतो: 'नो चाइल्ड प्रोसेसेस'. तुझं इथे मूलच नाही. मी पहिल्यांदा ही एरर पाहिली तेव्हा उद्धट वाटली होती. आता लॉगमध्ये दिसली की आधी फोर्क कुणी केलं होतं ते शोधायला लागते.